वायरमनला वेळ लागतो

प्रति,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन



८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत पंतप्रधानांच्या हस्ते 'स्टेप' या अल्पमुदतीच्या रोजगारक्षमता कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. ४०० शासकीय आयटीआय, १५० शासकीय तांत्रिक विद्यालये, अडीच हजार नव्या तुकड्या, त्यांतल्या ३६४ केवळ महिलांसाठी. त्याआधी १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यभरातल्या ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले होते. गावाजवळ प्रशिक्षण मिळणे आणि मुलींसाठी स्वतंत्र तुकड्या निघणे, या दोन्ही गोष्टी मनापासून स्वागत कराव्यात अशाच आहेत. प्रश्न एका धंद्यापुरता आहे. ज्याने आजवर टेस्टर हातात धरला नाही, असा मुलगा किंवा मुलगी काही महिन्यांत इलेक्ट्रिशियन होईल का?

होणार नाही. चांगला मदतनीस मात्र नक्की होईल. या दोहोंमधला फरक प्रमाणपत्रावर दिसत नाही, आणि विभागाने नेमके तिथेच लक्ष घालावे, एवढ्यासाठी हे पत्र.

अल्पमुदतीच्या वर्गात जे शिकवतात ते खोटे नसते. प्लायवूडच्या बोर्डावर दोन दिवे, एक पंखा, एक सॉकेट, जिन्याची टू-वे जोडणी. वायर सोलणे, थिंबल दाबणे, एमसीबी बसवणे. मुलांचा हात बसतो. पण प्लायवूडवर सगळ्या तारा डोळ्यांसमोर असतात. घरात त्या भिंतीतल्या पाइपात असतात, बऱ्याचदा सगळ्या एकाच रंगाच्या, आणि आधीच्या तीन जणांनी तीन वेळा जोडलेल्या.

एक साधे उदाहरण घ्यावे. जुन्या फ्लॅटमध्ये नव्याने आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, बसवला आणि स्वयंपाकघरातला मिक्सर लावला की आरसीसीबी पडतो. मिक्सर चांगला, एमसीबी चांगला, वायरही गरम होत नाही. कारण असे की, कधीतरी कोणीतरी स्वयंपाकघरातल्या सॉकेटचा न्यूट्रल, जवळ सापडला म्हणून, दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलला जोडून ठेवलेला असतो. त्यामुळे आरसीसीबीमधून गेलेला करंट त्याच आरसीसीबीमधून परत येत नाही. तफावत ३० मिलिअँपियरपर्यंत गेली की तो सर्किट तोडतो, कारण तेवढा करंट माणसाच्या शरीरातून गेला तर जिवावर बेतू शकते. मुरलेला वायरमन एकेक न्यूट्रल सुटा करतो, इन्सुलेशन तपासणारा मेगर लावतो, कुठला न्यूट्रल कुठे गेला ते शोधतो. यात अर्धा दिवस सहज जातो. नवशिक्याला मात्र दहा मिनिटांचा उपाय सुचतो. तो आरसीसीबी बायपास करतो. मिक्सर चालतो, घरमालक खूश होतो, पैसे मिळतात. पुढे कधीतरी गिझरची कॉइल फुटून बॉडीला करंट येतो, तेव्हा त्या घरात वाचवणारा आरसीसीबी उरलेला नसतो.

तो मुलगा निष्काळजी होता म्हणून हे होते असे नाही. बिघाड शोधणे त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते, आणि ते वर्गात शिकवताही येत नाही. शंभर घरांतले शंभर बिघाड जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली पाहिले की ते अंगात मुरते. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरमुळे तार जिवंत असू शकते, हे पुस्तकात एका ओळीत येते; हात लावण्याआधी दर वेळी तपासायची सवय लागायला मात्र काळ जावा लागतो. देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक माणसे दगावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत आहे.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, वर्षाला सुमारे १२०० तासांचा. एवढे शिकूनही चांगला मुलगा आधी कोणाच्या तरी हाताखाली राहतो. कायद्यालाही हे मान्य आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर ग्राहकाच्या जागेतले वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसानेच करायचे असते. प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र म्हणजे ते परमिट नव्हे. हे किती प्रशिक्षणार्थींना पहिल्याच दिवशी सांगितले जाते? आणि ते प्रमाणपत्र पाहून घराचे काम देणाऱ्या ग्राहकाला हे कोण सांगणार?

अल्पमुदतीचा अभ्यासक्रम कुठे चालतो, याचे चांगले उदाहरण केंद्र सरकारच्याच 'सूर्यमित्र' या सोलर तंत्रज्ञ घडवणाऱ्या कार्यक्रमात आहे. २०१५ पासून चाललेला हा अभ्यासक्रम ६०० तासांचा आहे, पण त्यात प्रवेशासाठी दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा ट्रेडचा आयटीआय मागितला जात आला आहे. पाया असलेल्या माणसावर नवे कौशल्य चढवणे तीन महिन्यांत जमते. छतावर सोलर पॅनेल बसवण्याच्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, म्हणजे छतावर चढणारी माणसे पुष्कळ लागणार. सोलर पॅनेलची डीसी बाजू ऊन असेपर्यंत बंद होत नाही, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहजी विझतही नाही. तिथे कोरा मुलगा पाठवणे धोक्याचे आहे.

उलट, दहा-बारा वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली काम करून तयार झालेले पण हातात कागद नसलेले कितीतरी वायरमन प्रत्येक तालुक्यात आहेत. आरसीसीबी, अर्थिंगचे मोजमाप, मेगरचे वाचन, लोडचा हिशेब एवढे त्यांना नीट मिळाले तर महिनाभराचा वर्गही त्यांना खूप पुढे नेईल. अल्पमुदतीच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना होईल, ते हे लोक. त्यांच्यासाठी रोजंदारी न बुडवता येता येईल अशा संध्याकाळच्या तुकड्या आधी काढाव्यात.

नवशिक्यांचे वर्ग बंद करावेत, असे कोणी म्हणणार नाही. त्या वर्गांच्या प्रमाणपत्रावर मात्र 'सहायक' हा शब्द ठळक असावा आणि मागच्या बाजूला मराठीत लिहिलेले असावे की हा उमेदवार कोणती कामे एकट्याने करू शकतो आणि कोणती देखरेखीखालीच. वर्ग संपल्यावर परवानाधारक कंत्राटदाराकडे किमान वर्षभराची पगारी उमेदवारी जोडून द्यावी. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ पासून आहे, नवा कायदा करायची गरज नाही. त्या वर्षात कोणती कामे केली याची वही ठेवावी, त्यावर मिस्त्रीची सही असावी. प्रशिक्षण केंद्राला मिळणाऱ्या पैशातला काही भाग ही वही पूर्ण झाल्यावरच द्यावा. आणि पुढे उमेदवाराला आयटीआयला यायचे असेल, तर वर्गात व उमेदवारीत घालवलेले तास तिथे मोजले जावेत.

विभागाच्या पुढच्या तुकड्यांचे अर्ज निघतील तेव्हा त्यात हे बदल दिसावेत, ही विनंती.