संगणकावरचा सातबारा आणि त्यामागचा माणूस

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात उपलब्ध झाला आणि शेतकऱ्याची एक जुनी पायपीट पुष्कळशी थांबली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उतारा घरबसल्या मिळणे वेगळे आणि तो बिनचूक मिळणे वेगळे. पेण, रोह्यात हा भेद समजावून सांगावा लागत नाही. महामुंबई सेझला जमीन द्यावी की नाही, याचा कौल सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांनी दिला. रोहा तालुक्यात नागोठणे-कोलाडवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. जेथे गुंठ्यागुंठ्याला मोल आले, तेथे वारसाच्या नावातील चुकलेली एक वेलांटीही मोबदला अडवून धरते.

फेरफाराची नोंद तलाठ्याने, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने घ्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस द्यायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. प्रणाली साऱ्या राज्यात एकच. ती चालवणारे हात मात्र एकसारखे नाहीत. एका सज्जात नोंद तपासून, जुन्या हस्तलिखिताशी ताडून चढते. दुसरीकडे अधिकाऱ्याला कळफलकाचे भय वाटते आणि त्याच्या जागी एखादा खासगी मदतनीस बसला, तर स्वाक्षरी एकाची व काम दुसऱ्याचे अशी अवस्था होते. पुढे लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. पण त्यासाठी तहसीलचे हेलपाटे शेतकऱ्याच्याच नशिबी.

यात दोष वयाचा नाही. निवृत्तीला टेकलेले कित्येक कारकून तरुणांना शिकवतात. दोष आहे तो प्रमाणपत्रालाच कौशल्य मानण्याचा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि शासकीय सेवेत तिचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. एकदा उत्तीर्ण झालेल्याला नंतर बदललेली प्रणाली कोणी शिकवायची?

याच जिल्ह्यातील रायगडावरून स्वराज्याचा कारभार चालला. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारण कारभाराची भाषा कारभाऱ्याच्या हातात असली पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. आज ती भाषा संगणकाची आहे. प्रत्येक तहसिलीत एक जाणता कर्मचारी केवळ सहकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मोकळा ठेवला, तर खर्च फारसा नाही.

२०१७ मध्ये गावोगाव सातबाऱ्याचे चावडीवाचन झाले, तेव्हा चुका लोकांनीच दाखवल्या होत्या. ग्रामसभेत ते दरवर्षी व्हावे, आणि वाचायला गावातील शिकलेल्या कार्यकर्त्यांनी बसावे.