त्यांना शाळा म्हणू नका

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गावच्या एस. टी. स्टँडवर एक देखावा ठरलेला असतो. तालुक्याच्या वसतिगृहांतून मुले घरी येतात. एकेक पोर पिशवी सावरत उतरते. वाट पाहात उभी असलेली आई आधी त्याच्या तोंडाकडे पाहते आणि म्हणते, ‘‘किती वाळलास रे!’’ मग ते पोर वाळलेले असो वा नसो. मॅट्रिकवर थांबून मास्तरकी पत्करलेला मी गेली पंचवीस वर्षे हा देखावा पाहात आलो आहे, आणि मला नेहमी वाटते, शाळेची खरी परीक्षा येथे होते. आईने हाक मारली आणि मुलाने तिच्याच भाषेत ओ दिली, तर शाळेचे निम्मे काम नीट झाले असे समजावे.

आज लिहायचे आहे ते ज्या शाळांनी ही ओ बंद पाडली त्यांच्याविषयी. सणाच्या अंकात असला विषय का, असे कोणी विचारील. विषय घरातूनच आला, म्हणून.

माझा भाचा कॅनडात टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला असतो. त्याची मुलगी दुसरीत आहे. 30 सप्टेंबरसाठी तिला नारिंगी सदरा हवा होता. फिलिस वेब्स्टॅड नावाच्या एका मूळ रहिवासी बाईंची ही आठवण आहे. 1973 साली, सहा वर्षांच्या असताना, आजीने घेऊन दिलेला नवा कोरा नारिंगी सदरा घालून त्या निवासी शाळेत गेल्या. पहिल्याच दिवशी शाळेने तो अंगावरून उतरवून घेतला, आणि तो त्यांना पुन्हा मिळाला नाही. नातीने मला फोनवर विचारले, ‘‘आजोबा, परत का नाही दिला?’’ मी उत्तर शोधीत होतो, तेवढ्यात भाच्याने फोन घेतला.

‘‘मामा, तुम्ही मनावर घेऊ नका. जुनी गोष्ट आहे ती. हेतू शिकवण्याचाच होता, पद्धत चुकली. सरकारनं माफी मागितली, पैसे दिले. आणि आम्ही तर परवा आलो इथे. आमचा काय संबंध?’’

भाचा गुणी आहे. म्हणूनच त्याच्या या चार वाक्यांना चारचौघांत उत्तर देतो आहे. चांगली माणसे हीच वाक्ये बोलतात, आणि अन्याय बहुधा अशाच वाक्यांच्या आडोशाने टिकतो.

पहिले वाक्य : जुनी गोष्ट. कॅनडाच्या सरकारने आणि ख्रिस्ती चर्चसंस्थांनी मिळून चालविलेल्या या निवासी शाळांतून शंभराहून अधिक वर्षांत सुमारे 1,50,000 मुले गेली. त्यांतल्या शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा माझा हा भाचा बालवाडीत जात होता आणि मी मास्तरकीची उमेदवारी करीत होतो. याला जुनी गोष्ट म्हणायचे असेल, तर आम्ही दोघेही जुनेच! ऑक्टोबर 1966 मध्ये केनोरा येथल्या निवासी शाळेतून चेनी वेंजॅक हा 12 वर्षांचा मुलगा पळाला. शाळेत त्याला चार्ली म्हणत, कारण त्याचे खरे नाव विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. घर होते 600 किलोमीटरवर. अंगात पातळ कपडे आणि पायाखाली रेल्वेचा रूळ. हा रूळ घराकडे जातो, एवढीच त्याची भूगोलाची माहिती. त्या रुळाच्या कडेलाच तो थंडीने मेलेला सापडला. शिक्षणाच्या ओढीने मुले घरून पळून शाळेत गेल्याच्या गोष्टी आपण वाचतो. येथे मूल शाळेतून पळाले ते आईकडे.

दुसरे वाक्य : हेतू चांगला होता. हे वाक्य मला मास्तर म्हणून सर्वांत जास्त लागते. हेतू काय होता ते चालविणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. या खात्याचा मुख्य अधिकारी डंकन कॅम्बेल स्कॉट याच्या पुढाकाराने 1920 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मुलांना शाळेत घालण्याची सक्ती झाली. संसदेच्या समितीपुढे त्याने सांगितले, की मूळ रहिवाशांतला एकूण एक माणूस गोऱ्या समाजात विरघळेपर्यंत आणि हा प्रश्नच संपेपर्यंत हे काम चालू राहील. हा स्कॉट तिकडचा नावाजलेला कवी होता, हेही साहित्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. कविता लिहिणारा हात असल्या हुकुमावर सही करताना थरथरतोच असे नाही.

सरकारला कल्पना नव्हती म्हणावे, तर तेही नाही. त्याच खात्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी 1907 साली शाळांची पाहणी करून लिहिले, की ज्या 1,537 मुलांची माहिती मिळाली त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा मुले दगावली आहेत. कारण मुख्यतः क्षय : कोंदट खोल्या, दाटीवाटीने झोपणे, अपुरे अन्न. उपाय त्यांनी सांगितले, सरकारने ते बाजूला ठेवले. शेवटी नोकरीतून मोकळे झाल्यावर 1922 साली या भल्या माणसाने एक पुस्तिका काढली. तिच्या नावातच त्यांनी याला राष्ट्रीय गुन्हा म्हटले होते. तरीही शाळा पुढे सात दशके चालू राहिल्या.

आणि शिकविले तरी काय? केस कापले, नावाऐवजी नंबर दिला, मातृभाषेत बोलले की शिक्षा. पुष्कळ शाळांतून निम्मा दिवस अभ्यास आणि निम्मा दिवस शेतात, गोठ्यात, धुण्याच्या खोलीत काम. मुले सुट्टीत घरी गेली तर आजीशी बोलायला तोंडात शब्द नाहीत. जे घर मुलाला मिळाले होते ते या शाळांनी काढून घेतले, आणि जे जग देऊ केले त्यात त्याला मागच्या दाराने नोकर म्हणून उभे केले. याला शाळा कोणी म्हणू नये. तो माझ्या धंद्याचा अपमान आहे.

धंद्याचा अभिमान बोललो, तर पापही कबूल केले पाहिजे. पहिल्याच वर्षी माझ्या वर्गात डोंगराकडची एक मुलगी होती. तिने पावसाला तिच्या बोलीतला शब्द वापरला. मला हसू आले. मास्तर हसले म्हणून वर्ग हसला. मुलीने शाळा सोडली नाही, बोलणे सोडले. वर्षभर तिने हात वर केला नाही. तिकडचा गुन्हा आणि माझे हसू यांची बरोबरी मी करीत नाही. तिच्या आईपासून तिला कोणी हिसकावून आणले नव्हते, संध्याकाळी ती घरीच जात होती. पण मूल कसे गप्प होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच ‘चांगल्या हेतू’वर माझा विश्वास उरलेला नाही, कारण माझाही हेतू चांगलाच होता!

तिसरे वाक्य : माफी मागितली, पैसे दिले. बरोबर. पण कोणी आपण होऊन दिले? शाळांतून वाचलेली माणसे न्यायालयात गेली, दाव्यांवर दावे झाले, तेव्हा तडजोड झाली. त्या तडजोडीतूनच सत्य आणि सलोखा आयोग जन्मला. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांची संसदेतली माफी 11 जून 2008 ची. पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन क्षमा मागितली ती 2022 साली. माफीनंतरची गंमत पाहा : सरकारच्या दप्तरातले कागद मिळावेत म्हणून त्याच सरकारविरुद्ध आयोगाला न्यायालयात जावे लागले! न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने 2015 मध्ये काम संपविले, तेव्हा आढळले की नोंदलेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मुलांची नावेच लिहिलेली नाहीत. आमच्या हजेरीपटावरून एक नाव कमी झाले तरी शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावे लागते. तेथे मूल मेले आणि रकाना कोरा!

2021 साली कॅम्लूप्सच्या शाळेजवळ जमिनीखालचा वेध घेणाऱ्या यंत्राने सुमारे दोनशे ठिकाणी थडग्यांसारख्या खुणा दाखविल्या. तेथे उत्खनन झालेले नाही, म्हणून ‘प्रेते दाखवा’ असे म्हणणारे लोक आता पुढे आले आहेत. यंत्राची खूण म्हणजे सिद्ध झालेले थडगे नव्हे, हे खरेच. पण मृत्यूंचा हिशेब त्या एका जागेवर मुळीच अवलंबून नाही. विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्रात कागदपत्रांवरून सिद्ध झालेल्या 4,100 हून अधिक मुलांची नोंद आहे. ज्यांना पुरावा हवा त्यांनी ती वाचावी.

राहिले चौथे वाक्य : आमचा काय संबंध? बाळा, गेल्या वर्षी तू नागरिकत्वाची शपथ घेतलीस. मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार राज्यघटनेने मान्य केले आहेत, हे वाक्य 2021 पासून त्या शपथेत आहे. आयोगाच्या 94 शिफारशींतली ती शेवटची, आणि खास तुझ्यासारख्या नव्याने आलेल्यांसाठीच केलेली. तुझे घर ज्या जमिनीवर आहे ती 1818 च्या करारातली, मिसिसॉगा लोकांची. तू गुन्हेगार नाहीस. पण घर विकत घेणारा माणूस जुन्या दस्तावरचा बोजाही वाचतो की नाही? आपले मराठी लोक तिकडे गणपती बसवितात, मुलांसाठी मराठीचे वर्ग चालवितात. मला त्याचा आनंद आहे. मुलांची भाषा जाईल या धास्तीने तुम्ही शनिवार-रविवार खर्ची घालता. ज्यांची भाषा सरकारी हुकुमाने काढून घेतली त्यांचे दुःख तुम्हांला नाही कळायचे, तर कोणाला?

तुझ्या घरापासून मोटारीने तासाभरावर ब्रँटफर्ड आहे. तेथे मोहॉक इन्स्टिट्यूट ही निवासी शाळा 1970 पर्यंत चालली. रोज पुढ्यात येणाऱ्या पांचट लापशीवरून मुलांनी तिला ‘मश होल’, म्हणजे लापशीचा खड्डा, असे नाव ठेवले होते. 2013 साली इमारत पाडावी की राखावी, असा प्रश्न तिथल्या मूळ रहिवाशांपुढे आला, आणि त्यांनी प्रचंड बहुमताने राखण्याचा कौल दिला. जेथे आपण रडलो ती भिंत त्यांनी पुरावा म्हणून उभी ठेवली. फराळाचे डबे रिकामे झाले की एखाद्या शनिवारी पोरीला तेथे घेऊन जा. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या फोनपेक्षा त्या भिंती नीट देतील.

येताना ती मोटारीत गप्प बसली, तर तिला हसवायची घाई करू नकोस. घरी पोचाल तेव्हा तिची आई दारातून हाक मारील, ‘‘आलीस का गं?’’ आणि ती म्हणेल, ‘‘आले गं आई.’’ ते शब्द तेवढे नीट ऐक.