विश्लेषण : मैदानावरची प्रार्थना कधी आधार असते आणि कधी दबाव?

२ जानेवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होता. बिल्सचा २४ वर्षांचा बचावपटू डमार हॅमलिन याने प्रतिस्पर्ध्याला अडवले, तो उठून उभा राहिला आणि लगेच मागे कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच सीपीआर आणि विजेचा झटका देण्यात आला. कॅमेऱ्यांपासून आडोसा म्हणून सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले. काही जण रडत होते. मग संघ गुडघ्यावर बसला आणि प्रार्थना करू लागला. सामना त्या रात्री थांबला तो थांबलाच. पुढे तो रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी ‘ईएसपीएन’वर माजी खेळाडू डॅन ऑर्लोव्हस्की बोलता बोलता थांबला, डोळे मिटले आणि थेट प्रक्षेपणातच त्याने हॅमलिनसाठी मोठ्याने प्रार्थना केली. शेजारचे दोन सहकारी मान खाली घालून बसले होते. ही चित्रफीत समाजमाध्यमांवर वणव्यासारखी पसरली. एरवी धर्माचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात, त्या अमेरिकेत या प्रार्थनेवर फारशी टीका झाली नाही.

हॅमलिन वाचला कशामुळे?

छातीवर नेमक्या जागी, हृदयाच्या ठोक्यातल्या नेमक्या क्षणी आघात झाला, तर हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकते. याला ‘कमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात. झटका मिळायला उशीर होतो तसतशी जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. एनएफएलच्या प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांचे वैद्यकीय कर्मचारी एकत्र बसून आणीबाणीची आखणी करतात. ती आखणी त्या रात्री उपयोगी पडली. देवाने वाचवले की डॉक्टरांनी, हा वाद समाजमाध्यमांवर रंगला खरा, पण तो काहीसा पोकळ आहे. ज्यांच्या हाताला काम होते ते काम करत होते; गुडघ्यावर बसलेल्यांच्या हातात दुसरे काही नव्हते. हॅमलिन नऊ दिवसांत घरी गेला आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानातही उतरला.

ख्रिस्ती श्रद्धा आणि खेळ यांचे हे नाते जुनेच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’, म्हणजे बलदंड शरीर आणि सद्वर्तन यांची सांगड घालणारा विचार रुजला. त्यातूनच वाढलेल्या वायएमसीए या संस्थेत १८९१ मध्ये बास्केटबॉल आणि १८९५ मध्ये व्हॉलीबॉल जन्मले. गावच्या जत्रेत व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही!

मग न्यायालयात वाद कशाचा?

वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन शहरातल्या सरकारी शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या मध्यभागी प्रार्थना करत असे. आधी एकटा, मग मुलेही जमू लागली. शाळेने हरकत घेतली आणि २०१५ मध्ये त्याला रजेवर पाठवले. २७ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला : ही त्याची वैयक्तिक, शांत प्रार्थना होती. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात खेळाडूंच्या गराड्यातल्या केनेडीची छायाचित्रेच जोडली. एका पालकाची तक्रारही नोंदीत होती. मुलगा नास्तिक, पण सामील झालो नाही तर खेळायला मिळणार नाही, या भीतीने तोही जात होता.

खरा फरक इथे आहे. हॅमलिनभोवतीचे खेळाडू हतबलतेतून आपसूक खाली बसले. केनेडीच्या हाती मात्र कोण खेळणार हे ठरवण्याचा अधिकार होता. अशा माणसाने बोलावले नाही, नुसती सुरुवात केली, तरी सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ‘नाही’ म्हणणे जड जाते. निकालाने या मुलाचा पुरेसा विचार केला, असे म्हणवत नाही.

आपल्याकडे चित्र उलटे आहे, कारण इथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे. मुंबईकर जेमिमा रॉड्रिग्ज हिचे मानद सदस्यत्व २०२४ मध्ये खार जिमखान्याने रद्द केले. तिच्या वडिलांनी जिमखान्याची जागा धार्मिक कार्यक्रमांसाठी वापरली, असा काही सदस्यांचा आक्षेप होता. धर्मांतराचा आरोप वडिलांनी फेटाळला. वर्षभराने, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. ३३९ चे लक्ष्य गाठल्यावर रडत रडत तिने येशूचे आभार मानले. स्पर्धेत आपल्याला किती चिंतेने ग्रासले होते, रोज कसे रडू येत होते, हेही सांगितले. शेवटी बायबलमधले एक वचन ती मनाशी घोकत होती.

सामना संपून काही तास होत नाहीत तोच येशूचे नाव घेतल्याबद्दल ट्रोलिंग सुरू झाले. शतकानंतर आकाशाकडे पाहणारे, बॅटला नमस्कार करणारे, गळ्यातला ताईत ओठांना लावणारे खेळाडू आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तीन दिवसांनी त्याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा जेमिमा त्या संघात होती.