मोडलेली सतार आणि आमची काटकसर

‘दुरुस्तीचे जेवढे मागता, त्यात थोडी भर घातली तर नवी सतार येईल की!’ सतारीची डागडुजी करणाऱ्या कारागिराच्या कानांना हे वाक्य एव्हाना सरावले असेल. आमचे कान मात्र सरावलेले नाहीत, आणि ते तसे सरावू नयेत म्हणूनच हा लेखनप्रपंच. हे वाक्य व्यवहारचातुर्याचा आव आणते; पण त्याच्या मुळाशी चातुर्य नसून अज्ञान आहे. सतारीच्या कसबाची जी हानी या वाक्याने केली आहे, ती वाळवीनेही केली नसेल.

सतार मोडते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहावे. तिचा भोपळा हा खरोखरीचा भोपळा असतो. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात, वाद्यांसाठी म्हणून हा कडू भोपळा पिकवितात, वेलीवरच पक्व होऊ देतात आणि मग कित्येक महिने वाळवितात. त्याचे कवच पातळ असते. हात सुटून सतार फरशीवर पडली, की ते अंड्यासारखे फुटते. भोपळ्यावर बसविलेली लाकडी तबली तारांच्या अखंड दाबाने हळूहळू खचते. अठरा-वीस तारांचा ताण वर्षानुवर्षे सोसून दांडीला बाक येतो. मग तार पडद्यांवर घासू लागते आणि स्वर खरखरतो. कोकणातल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून हलेनाशा होतात, उन्हाळ्यात त्याच आक्रसून सटकू लागतात. लाकडात कीड शिरते. तारा गंजतात, आणि तरफेच्या तारा बारीक असल्याने त्या आधी तुटतात. यांतला प्रत्येक दोष वेगळा आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ‘सतार बिघडली’ हे म्हणणे ‘माणूस आजारी आहे’ या म्हणण्याइतकेच मोघम होय.

आता जरा इतिहास. महाराष्ट्रात सतार म्हटली की मिरज आठवते. या मिरजेतील वाद्यनिर्मितीची हकीकत जी परंपरेने सांगितली जाते ती मोठी बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार देणारे व ती दुरुस्त करणारे कारागीर, शस्त्रांचे दिवस सरल्यावर उपजीविकेच्या शोधात होते. उत्तरेतून आलेली गवय्यांची तंतुवाद्ये मोडली की ती दुरुस्त करणारे इकडे कोणी नव्हते. ते काम फरीदसाहेब सतारमेकर आणि त्यांच्या घराण्याने हाती घेतले. मोडलेले वाद्य उघडून पाहिले, त्याची रचना समजून घेतली, आणि मग तसे नवे घडविले. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे आश्रयदाते होते. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू 1937) यांच्यासारखा थोर गायक मिरजेत राहिला, आणि तो स्वतःही वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होता. ज्या कसबाचा आज आपण अभिमान मिरवितो, ते दुरुस्तीच्या पोटी जन्माला आले, असे तेथील परंपराच सांगते. तरीसुद्धा दुरुस्ती करणारा तो हलका आणि नवे घडविणारा तो थोर, ही उतरंड आमच्या डोक्यात कोठून शिरली?

आमच्या वाचकांना एक प्रश्न विचारतो. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचे व्हायोलिन पेटीत जपून ठेवलेले आहे. गोव्यात तर धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखनाबरोबर व्हायोलिन शिकविण्याची परंपरा शतकांची. त्या व्हायोलिनचा पूल बदललेला असतो, पाठीवरची चीर सांधलेली असते, खुंट्या नव्या असतात. म्हणून कोणी त्याला ‘मोडके’ म्हणतो काय? उलट, ‘हे जुने आहे, दुरुस्त करून घेतले आहे’ असे आपण अभिमानाने सांगतो. फार कशाला, इटलीच्या क्रेमोना गावी आंतोनिओ स्त्रादिव्हारी (मृत्यू 1737) याने घडविलेली जी व्हायोलिने आज अब्जाधीशांनाही सहज परवडत नाहीत, त्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या माना एकोणिसाव्या शतकात काढून नव्या, अधिक लांब बसविण्यात आल्या. आतला आधाराचा दांडाही बदलला गेला. वाढता ताण सोसता यावा म्हणून हे करावे लागले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुरुस्तीनेच ती वाद्ये आजवर गाती राहिली. मग तीच दृष्टी घरातल्या सतारीकडे वळताना का मंद होते? व्हायोलिनला सांधा असला तर तो वारसा, आणि सतारीला असला तर ती अडगळ, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. व्हायोलिन पूर्णपणे लाकडाचे. सतार अर्धी भोपळ्याची. सतारीचे आयुष्यच मुळी मर्यादित, तिची तबली एकदा खचली की संपले, असे जाणकारही म्हणतात. यात तथ्य आहे. पण तबली बदलता येते. भोपळा सांधता येतो, अगदीच चुरा झाला असेल तर त्याच मापाचा दुसरा बसविता येतो. पडदे, खुंट्या, घोडी, तारा ही तर बदलण्यासाठीच असलेली अंगे. जुनी दांडी आणि गळा शाबूत असतील, त्यांचे तुनाचे लाकूड पन्नास वर्षे सुकून, स्वरांत मुरून बसलेले असेल, तर ते आज विकत आणायचे म्हटले तरी कोठून आणणार? नव्या सतारीत नवे लाकूड येते. कोलकात्याच्या कनाईलाल किंवा हिरेन रॉय यांच्या हातच्या सतारी वादक आजही शोधत फिरतात आणि दुरुस्त करवून वाजवितात, ते काही त्यांना नव्या मिळत नाहीत म्हणून नव्हे.

खरी गोष्ट अशी की या कामातली सर्वांत अवघड बाब डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे जवारी. ज्या रुंद, चपट्या घोडीवरून तारा जातात, तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अतिशय सूक्ष्म उतार आणि फुगीरपणा दिलेला असतो. तार त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत कंप पावते आणि त्यातून सतारीचा तो रुणझुणता, लांबत जाणारा स्वर निघतो. वाजवून वाजवून तारा त्या माथ्यात चऱ्या पाडतात. मग स्वर चिरका तरी होतो किंवा मुका तरी. कारागीर तारा सैल करतो, कानशीचा एक हात फिरवितो, पॉलिश कागदाने घासतो, तारा पुन्हा चढवितो, छेडतो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. केसाएवढे जास्त घासले गेले तर सगळे मुळापासून करावे लागते. कोणाला खुली जवारी हवी, कोणाला बंद. ते वादकाच्या बोटांवर आणि घराण्यावर अवलंबून. हे मापाने होत नाही, कानाने होते. आणि तो कान तयार व्हायला अर्धे आयुष्य जाते. पंडित रविशंकर 1950 नंतरच्या काळात परदेश दौऱ्यांवर जात, तेव्हा त्यांच्यामागे तंबोरा धरून बसणारे नोदू मल्लिक हे त्यांच्या सतारी घडविणारे आणि त्यांची निगा राखणारे कारागीर होते. एवढ्या मोठ्या कलावंताला आपला दुरुस्ती करणारा माणूस सातासमुद्रांपार बरोबर न्यावासा वाटला, यातच सारे आले. आम्ही मात्र त्याच कामाला ‘घोडी घासायचे किती घेता?’ असे विचारतो.

काटकसरीचे हे एक टोक झाले. दुसरे टोक हौसेचे, आणि ते कमी घातक नाही. ‘नव्यासारखी करून द्या’ असे सांगणारे गिऱ्हाईक कारागिराला नकळत वाद्य मारायला सांगत असते. चकाकी आणायची तर जुना चपड्याचा थर खरवडावा लागतो. खरवडताना तबलीचे लाकूडही जाते. ती पातळ झाली की नाद बदलतो, आणि तारांच्या दाबाखाली ती लवकर खचते. वर आरशासारखे जाड पॉलिश चढविले की उरलासुरला कंपही घुसमटतो. सतार दिवाणखान्यात छान दिसते. तिची वाचा मात्र गेलेली असते.

याहून वाईट आहे तो घरगुती उपाय. भोपळा तडकला की बाजारातून दोन नळ्यांचा पक्का डिंक आणायचा आणि तडा बुजवून टाकायचा! जुने कारागीर सरस वापरीत, तो काही दुसरे मिळत नव्हते म्हणून नव्हे. सरसाचा सांधा घट्ट बसतो, आणि गरज पडली तर ऊब व ओलावा देऊन सोडविताही येतो. भोपळ्याला आतून कापडाचे अस्तर लावून बळकटी द्यायची तर तबली उचलावी लागते. ती सरसाने बसविलेली असेल तर सुखरूप सुटते. रासायनिक डिंकाने जखडलेली असेल तर लाकूड फाटते, सांधा सुटत नाही. आज दहा मिनिटांत केलेला उपाय उद्याच्या कारागिराच्या हाताला बेडी घालतो. फुटलेल्या भोपळ्याचा नखाएवढा तुकडासुद्धा पिशवीत घालून तसाच कारागिराकडे न्यावा. स्वतः काही चिकटवू नये. एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या सतारी वाचतील.

घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. वन्यजीवरक्षणाच्या कायद्याने ती दारे बंद केली, आणि ती बंद झाली हे योग्यच झाले; या बाबतीत आम्ही जुन्याचे गोडवे गाणार नाही. आज उंटाचे हाड, शिसवी-आबनुसासारखी कठीण लाकडे आणि कृत्रिम पदार्थ वापरले जातात, आणि जाणत्या हातांतून त्यांच्यावरही उत्तम जवारी निघते. गुण पदार्थात थोडा आणि हातात अधिक असतो.

त्या हाताचे मोल आम्ही काय करतो? 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन मिळते ते घडविलेल्या वस्तूला. दिवसभर एका घोडीवर डोळे आणि कान झिजविणाऱ्या माणसाच्या मजुरीला कोणतेही मानांकन नाही. नवी सतार विकली की नफा दिसतो. दुरुस्तीत दिसतो तो फक्त वेळ, आणि वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक राजी नसते. मग कारागिराच्या मुलाने वडिलांच्या पाटावर बसावे तरी कशासाठी? त्याने दुसरी वाट धरली की आम्हीच ‘कला लोप पावत चालली’ म्हणून गळा काढायचा, हा निव्वळ दांभिकपणा आहे. दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्याला घरी येण्याचेच पैसे आपण मुकाट्याने देतो. सतारीच्या कारागिराशी मात्र भाजीवाल्याशी घालावी तशी घासाघीस करतो.

प्रत्येक सतार वाचवावी असे आमचे म्हणणे नाही. शोभेसाठी घाईने ठोकून, ओल्या लाकडाची, पर्यटकांना विकण्यासाठी केलेली सतारही बाजारात असते. तिच्यावर दुरुस्तीचा खर्च करणे म्हणजे पाण्यात पैसा. किडीने दांडी आतून पोखरली असेल तर प्रामाणिक कारागीर स्वतःच हात जोडतो. पण हा निवाडा त्याने करावा. गिऱ्हाइकाने किमतीचा आकडा ऐकून करू नये, आणि नवी सतार विकू पाहणाऱ्या दुकानदाराने तर मुळीच करू नये.

ज्या घरांत, शाळांत, सभागृहांत सतार भिंतीवर टांगलेली किंवा कपाटावर आडवी टाकलेली आहे, त्यांना आमची विनंती आहे. ती खाली काढा. बाहेरच्या भिंतीला ओल असते. तेथून ती हलवा. वाजवीत नसाल तर तारा थोड्या उतरवून ठेवा. खुंट्या सटकत असतील तर खडू लावा, तेल कधीही लावू नका. आणि मग ती जाणत्याकडे न्या. काम सुरू होण्याआधी काय बदलणार आणि काय ठेवणार हे त्याच्याकडून समजावून घ्या, त्याने सांगितलेली मजुरी द्या, तो म्हणेल तितके दिवस थांबा. परत आणताना काढलेली जुनी घोडी, जुने पडदे, तबलीचा तुकडा, जे काही असेल ते मागून घ्या आणि कापडात बांधून सतारीच्या पेटीतच ठेवा. पुढे ज्या कारागिराच्या हाती ती जाईल, त्याला मूळ उतार किती होता हे त्या घोडीवरून कळेल.