रसदीची चीट

'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) या खेळात संवादाच्या चौकटीत 'चीज स्टेक जिमीज' असे टंकित केले की अन्नाची कोठारे आपोआप भरतात. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) मध्ये कन्सोलवरून तिजोरी भरता येते. अशा चीटना अप्रामाणिकपणा म्हणून धुडकावणे आम्हांस पटत नाही. एकट्याने खेळताना फसवायचे कोणाला? आमची हरकत वाङ्मयीन आहे.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या आधीच भाऊसाहेबांची छावणी उपासमारीने खचली होती. दिल्लीची वाट अब्दालीने अडवली होती, आणि रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. ही रसद एका आज्ञेने पुरवली तर लढाई कदाचित जिंकता येईल, पण ते पानिपत उरणार नाही. सूत संपले की माग थांबतो, हे भिवंडीच्या निजामपुऱ्यातील मुलाला शिकवावे लागत नाही. पडद्यावर मात्र त्याचा माग सुतावाचून चालतो!

जयंत नारळीकरांनीही 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहास बदललाच की. परंतु बदलली ती एक गोळी: ती विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात, तरी मुंबई इंग्रजांकडेच राहते. परिणामांत लेखक ढवळाढवळ करीत नाही. कन्सोलही असा वापरता येतो. एकच आज्ञा द्यावी, तो बंद करावा आणि पुढची शंभर वर्षे तिची किंमत मोजीत खेळावे. असा खेळलेला विद्यार्थी नारळीकरांच्या कथेवर काय लिहील, ते आम्हांस वाचायचे आहे.