महाराणी, हाय हाय!

श्रीमंत माणसाचा राग यायला त्याने आपलं काही वाकडं करावं लागत नाही. सिग्नलला शेजारी लांबलचक गाडी थांबते, काळी काच चार बोटं खाली येते, आतल्या एसीची झुळूक आपल्या घामेजल्या कोपराला लागते... बस्स. डोकं तापायला एवढं पुरतं. अमेरिकेतल्या प्रो-रेसलिंगवाल्यांनी (हो, तेच ते, शाळेत ज्यांची ट्रम्प कार्ड्स खेळायचो) या तापलेल्या डोक्यांवर चक्क तिकीट लावलंय.

त्यांच्या भाषेत खलनायक म्हणजे ‘हील’. निकाल आधीच ठरलेला असतो, त्यामुळे हीलची खरी नोकरी एकच. हा हरावा, असं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मनापासून वाटलं पाहिजे. आणि त्यासाठी घरंदाज, माजोरड्या श्रीमंतासारखा हमखास चालणारा माल दुसरा नाही. १९४०-५०च्या दशकांत गॉर्जस जॉर्ज नावाचा पैलवान केस कुरळे करून, झगा घालून, अत्तर फवारणारा नोकर सोबत घेऊन रिंगमध्ये यायचा आणि पब्लिक त्याला मार पडताना बघायला गर्दी करायचं. आपल्याकडे निळू फुल्यांनी पडद्यावर पाटील रंगवला की गावोगावच्या बायका त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या घालायच्या, तशीच ही कला. (कोल्हापूरचा मामला मात्र उलटा. तिथे खरे राजे, शाहू महाराज, पैलवानांना आश्रय देऊन कुस्ती बघायला बसायचे. राजालाच आखाड्यात उतरवून धोपटायची आयडिया अमेरिकेची!)

बायकांमध्ये या सिंहासनावर झोकात बसली ती शेरी मार्टेल. १९८९पासून डोक्यावर मुकुट, तोंडावर भडक मेकअप आणि शेजारी ‘माचो किंग’ रँडी सॅव्हेज. १९९०मध्ये टोरंटोच्या रेसलमेनिया ६ला या राजाराणीसमोर उभं कोणाला केलं? ठिपक्याठिपक्यांच्या कपड्यांतल्या ‘कॉमन मॅन’ डस्टी ऱ्होड्सला. आणि त्याच्या जोडीला सफायर, अंगाने भरलेली, आपल्या कॉलनीतल्या काकूंसारखी दिसणारी. साध्या माणसांनी राजाराणीला लोळवलं, स्टेडियम खूश. आणि त्याच वर्षीच्या समरस्लॅममध्ये याच सफायरला ‘मिलियन डॉलर मॅन’ टेड डिबियासीने महागड्या भेटवस्तू देऊन फोडलं! मला हा ट्विस्ट राणीच्या मुकुटापेक्षा जास्त झोंबतो. लिहिणारा जाम डोकेबाज असणार.

पण शेरीचा मुकुट नाटकातला होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. लोच्या होतो तो वारसाहक्काने राणी झालेली बाई रिंगमध्ये येते तेव्हा.

शार्लट फ्लेअर. खरं नाव अ‍ॅशली फ्लिअर. रिक फ्लेअरची मुलगी. रिक म्हणजे खड्यांनी मढवलेला झगा, लिमोझिन, जेट विमान, रोलेक्स आणि मध्येच फुटणारं लांबलचक ‘वूऽऽ’. लेकीने सगळा ऐवज उचलला. झगा, ‘वू’, बापाची पायाची पकड ‘फिगर फोर’सुद्धा. तिने फक्त शरीराची कमान करून त्याची ‘फिगर एट’ केली. एप्रिल २०१६च्या रेसलमेनिया ३२ला तिने घातलेला झगा तर बापाच्या २००८च्या निरोपाच्या झग्याचे तुकडे लावून शिवलेला होता. आजीच्या पैठणीचा ड्रेस शिवतात ना, तसा.

बाई नुसती झग्यावर निभावून नेणारी नाही हं. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली, वरच्या दोरावरून उलटी कोलांटी मारणारी, २०२२ संपेपर्यंत १४ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेली. तरी पब्लिकच्या मनात एकच प्रश्न: बापाचं नाव नसतं तर?

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. पिक्चरपासून पक्षापर्यंत रोज तोच विचारतो आपण. आणि इथेच खेळाची मजा थोडी कमी होते. शेरीला शिव्या घालताना लोक नाटकात सामील होते. शार्लटला शिव्या घालताना मात्र त्यांना घराणेशाहीचा जुना हिशेब चुकता करायचा होता. ऑगस्ट २०१८, ब्रुकलिन, समरस्लॅम. स्क्रिप्टप्रमाणे शार्लट चांगली, आणि हरल्यावर मैत्रिणीवर हात उगारणारी बेकी लिंच वाईट. बेकीने शार्लटला ठोकलं आणि अख्खं स्टेडियम आनंदाने किंचाळलं. वर्षानुवर्षं मागे ढकलली गेलेली बेकी लोकांना आपली वाटली. लिहिणाऱ्यांनी काहीही लिहू दे, ऑफिसात प्रमोशन कुणाला आणि का मिळतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

मग एप्रिल २०१९. रेसलमेनिया ३५. बायकांची मॅच पहिल्यांदाच रेसलमेनियाची शेवटची, मुख्य मॅच. बेकी, रोंडा राऊझी आणि शार्लट. तर शार्लट आली कशी? हेलिकॉप्टरने! मला तो क्षण सॉल्लिड आवडतो. ‘मी पण कष्ट केलेत हो’ असं लोकांना समजावत बसण्यापेक्षा तिने त्यांना हवी तीच खलनायिका दिली, तीही पंख्यासकट. त्या रात्री बेकी जिंकली आणि तिचा विजय एवढा मोठा वाटला, त्यात त्या हेलिकॉप्टरचा वाटा होताच.

आता या वारशाची दुसरी बाजू. रिक फ्लेअरची श्रीमंती म्हणजे पुष्कळसा देखावाच. खरा माणूस कर्जांत आणि घटस्फोटांत पुरता अडकलेला. आणि कायम दौऱ्यावर. मे २०१६मध्ये शार्लटने टीव्हीवर बापालाच रिंगमधून हाकललं, तू कधीच माझ्यासाठी नव्हतास म्हणून. सीन लिहिलेला, प्रेक्षकांनी राणीला कृतघ्न ठरवलं, हीलचं काम फत्ते. पण त्यातलं वाक्य खोटं होतं का?

तिचा धाकटा भाऊ रीड. पैलवान व्हायचं स्वप्न त्याचं होतं. मार्च २०१३मध्ये, २५व्या वर्षी, ड्रग्जमुळे गेला. त्याचं स्वप्न आपण पुढे नेतोय, असं ती सांगत आलीय. नोव्हेंबर २०१५मध्ये एका एपिसोडमध्ये प्रतिस्पर्धी पैलवान पेजच्या तोंडी त्याच भावाचा उल्लेख घातला गेला, तोही टोमणा म्हणून. तिच्या आईने जाहीर नाराजी व्यक्त केली. मुकुट नाटकातला असता तर असा टोमणा कुणाला सुचलाही नसता.

एप्रिल २०२५मध्ये लास व्हेगासला रेसलमेनिया ४१मध्ये तिच्यासमोर होती टिफनी स्ट्रॅटन, जी २०२१मध्ये आली तीच मुळी ‘बाबांची लाडावलेली पैसेवाली पोर’ बनून. म्हणजे दोन्हीकडे श्रीमंतच! पब्लिकने बनावट श्रीमंतीला टाळ्या दिल्या आणि खानदानीला शिट्ट्या. मॅचच्या आधी माईकवर टिफनीने शार्लटचे मोडलेले संसार काढले, तेव्हाही लोक खिदळले. मला नाही हसू आलं. टिफनी जिंकली.

त्याच उन्हाळ्यात शार्लटची जोडी जमली अलेक्सा ब्लिसशी. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, पण नाइलाज, असा सगळा मामला. राणीला पहिल्यांदाच विनोद करायला दिले आणि ते तिला जमले. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला दोघींनी टॅग टीमचे पट्टे जिंकले, आणि एवढी वर्षं हाय हाय करणारं पब्लिक चक्क तिच्या बाजूने ओरडत होतं. ती मात्र चालत होती तशीच, हनुवटी वर, झगा लोळवत.