जेरोपाशी थांबलेली समीक्षा

वोले सोयिंका यांच्या ‘द ट्रायल्स ऑफ ब्रदर जेरो’ (१९६०) या प्रहसनातील लागोसच्या किनाऱ्यावरचा प्रेषित आपल्या भक्तांना गिऱ्हाइके मानतो. आफ्रिकेतील नव्या पेंटेकॉस्टल पंथांविषयी लिहिणारे पुरोगामी समीक्षक अजून या जेरोपाशीच थांबले आहेत. प्रवचनकार भोंदू, भक्त भोळा, विषय संपला!

ही समीक्षा नव्हे, आळस होय. १९८३ मध्ये घानाने आणि १९८६ मध्ये नायजेरियाने अर्थव्यवस्थेचे संरचनात्मक समायोजन आरंभिले. चलन कोसळले, सरकारी नोकऱ्या घटल्या, श्रम आणि संपत्ती यांतील नाते दिसेनासे झाले. समृद्धीचे शुभवर्तमान फोफावले ते या पोकळीत. मॅक्स वेबरचा प्युरिटन नेमस्त कष्टांत ईश्वरकृपेची खूण शोधी. येथील भक्त दशमांश देतो, दानाचे ‘बीज’ पेरतो आणि चमत्काराची वाट पाहतो. त्याला अंधश्रद्ध म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे : सट्टाबाजारात रातोरात फुगणारे भांडवल कमी चमत्कारिक आहे काय?

म्हणून हे पंथ निर्दोष ठरत नाहीत. ‘लिव्हिंग इन बाँडेज’ (१९९२) या नायजेरियन चित्रपटात नायक धनासाठी पत्नीचा बळी देतो. दोष गुप्त पंथाचा, उद्धार ख्रिस्ताचा. बाजार मात्र नामानिराळा राहतो. उलट गुगी वा थिओंगो यांच्या ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ (मूळ गिकुयू, १९८०) या कादंबरीत चोरांच्या मेजवानीला परदेशी भांडवलाचे प्रतिनिधी उघडपणे हजर असतात.

सैतान आहे, हे भक्ताने नेमके ओळखले आहे. तो कोठे बसला आहे, हे पंथ त्याला कळू देत नाहीत. ते दाखविण्याऐवजी समीक्षक भक्तालाच हसत असेल, तर तोही त्याच पंथाचा सेवेकरी.